दोनातोचा गडगा

दोनातोबद्दल लिहायचा मला कितपत अधिकार आहे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जवळजवळ दोन वर्षं मी त्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहिलो आणि तेवढ्या काळात त्याने मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी त्याच्यावर काही लिहिलंय हे त्याला कळलं, तर तो आधी कागद फाडेल आणि मग त्यात काय होतं ते विचारेल.

वडीलधाऱ्या माणसाला 'ते' म्हणण्यात मी वाढलो. तसं लिहूनही पाहिलं. पण दोन ओळींतच तो कुणीतरी प्रेमळ आजोबा वाटायला लागला, आणि तो तसा नव्हता. आमचं पटलं नाही. सुरुवातीला नाही आणि शेवटी तर नाहीच. म्हणून मी 'तो'च म्हणणार आहे.

जर्सी सिटीत टेकाडाच्या अगदी कडेला त्याचं घर होतं. पुढून पाहिलं तर त्या रस्त्यावरच्या इतर घरांसारखंच, लाकडी, अरुंद, शेजारच्या घराला खांदा लावून उभं. मागच्या दाराने बाहेर पडलं की मात्र जमीन एकदम खाली उतरायची. तळाशी रेल्वेचे रूळ, मग नदी, आणि नदीपलीकडे मॅनहॅटनच्या इमारती. लोक त्या इमारतींसाठी मागच्या खिडकीत येऊन उभे राहत. दोनातोने तिकडे पाहिलेलं मला आठवत नाही. तो खाली बघायचा. त्या उतारावर त्याने पाच पायऱ्या केल्या होत्या, घराच्या रुंदीच्या, आणि प्रत्येक पायरीची माती धरून ठेवायला एकेक दगडी भिंत घातली होती. सिमेंट नाही, चुना नाही. नुसता दगडावर दगड. पायऱ्यांवर टोमॅटो, वाल, मिरच्या आणि तिसऱ्या पायरीवर अंजिराचं झाड.

मी पहिल्यांदा त्या खिडकीतून खाली पाहिलं आणि काचेला कपाळ टेकवून बघतच राहिलो. कारण ती भिंत मला ओळखीची होती. आमच्याकडे, राजापूरच्या बाजूला, तिला गडगा म्हणतात.

खोली बघायला आम्ही दोघे गेलो होतो, मी आणि अविनाश. अविनाश पुण्याचा, कॉम्प्युटर शिकायला आलेला. माझी त्याची ओळख जेमतेम आठवड्याची. खोली दाखवत होती ती दोनातोची मुलगी तेरेसा. पन्नाशीची बाई, एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. ती जवळच्याच गावात राहायची आणि दर रविवारी बापाकडे यायची. ती आम्हाला गॅस कसा पेटवायचा ते दाखवत असतानाच जिन्यावर जड पावलं वाजली आणि दोनातो आत आला. पंच्याहत्तरी ओलांडलेला, बुटका, मान जवळजवळ नाहीच, आणि अंगाच्या मानाने फार मोठे हात.

"हात," तो म्हणाला.

शेकहँड करायचा असेल असं वाटून मी हात पुढे केला. त्याने तो उलटा केला, तळव्यावर अंगठा दाबून पाहिला.

"काय शिकतोस?"

"इंजिनियरिंग. सिव्हिल."

"बाप काय करतो?"

इथे मी खोटं बोललो. अविनाश शेजारी उभा होता. त्याचे वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर, आई प्राध्यापक. त्याला मी आधी जे सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, "काँट्रॅक्टर आहेत."

न पसंत पडलेला दुधी परत टोपलीत टाकावा तसा दोनातोने माझा हात सोडला. "इंजिनियर," तो मुलीकडे बघून म्हणाला, "आणि इंजिनियरचा बापही तसलाच." मग इटालियनमध्ये आणखी काहीतरी बोलला. तेरेसाने ते आम्हाला सांगितलं नाही. "ते सगळ्यांशी असेच वागतात," एवढंच म्हणाली.

माझे बाबा गडगे घालतात. लोकांच्या आंब्या-काजूच्या बागांना, परड्यांना, उतारावरच्या वाफ्यांना. चौथीपर्यंत शिकलेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. आमच्या वाडीत ज्याच्या हातात चार पैसे खेळायला लागत, तो आधी गडगा पाडून चिऱ्यांची, सिमेंटची भिंत घालायचा, आणि ते काम बाबांना मिळायचं नाही, शहरातून आलेल्या गवंड्याला मिळायचं. लहानपणापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलं होतं की गडगा म्हणजे गरिबी आणि सिमेंट म्हणजे त्यातून सुटका. मी सिव्हिल का निवडलं याची कारणं अर्जात वेगळी लिहिली होती. खरं कारण हे होतं.

अविनाशने दोनातोचं नाव पहिल्याच आठवड्यात 'जमदग्नी' ठेवलं. आम्ही फोडणी केली की खालून छताला झाडूचा दांडा बसायचा. तीन ठोके म्हणजे खिडकी उघडा, पाच म्हणजे तो वर येतोय.

"सुऱ्या, मोहरी नंतर टाक यार," अविनाश म्हणायचा. "जमदग्नी आत्ताच बाहेरून आलाय. मूड चेक करू दे."

एकदा पाच ठोके झाले आणि तो खरंच वर आला. ओट्यावर मी मिरचीचा ठेचा केला होता. "काय जाळता?" म्हणत त्याने वाटीत बोट घातलं. अविनाशने मला कोपराने ढोसलं. आता म्हातारा उड्या मारणार अशी त्याची खात्री. दोनातोने बोट चाटलं. मग टेबलावरचा पाव तोडला, ठेचा लावला आणि उभ्या उभ्या अख्खी वाटी संपवली. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

"कच्च्या मिरच्या," तो म्हणाला. "वाळवायच्या असतात. आईने शिकवलं नाही?"

आणि वाटी तशीच ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी झाडूचे ठोके नेहमीप्रमाणे बसले. मला वाटलं होतं, आता थोडा फरक पडेल.

त्याच्याकडे एक जुनी बाबागाडी होती, तेरेसाच्या लहानपणची. ती ढकलत तो रोज सकाळी बाहेर पडायचा. त्या वर्षांत आमच्या भागात जुनी घरं पाडायचं काम जोरात चाललं होतं. जिथे घर पाडलं जाईल तिथे दोनातो हजर. पायाचे दगड, जोत्याचे तपकिरी दगड, पायऱ्यांचे तुकडे बाबागाडीत भरून आणायचा. रस्त्यावर नवा आलेला माणूस कौतुकाने गाडीत डोकावायचा आणि आत दगड बघून दचकायचा. दोनातोला त्याचं काही नसे.

मागच्या अंगणात तो स्टुलावर बसून एकेक दगड हातात घ्यायचा. फिरवायचा, वजन बघायचा, अंगठ्याने कडा चाचपायचा. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. मग उठून भिंतीपाशी जायचा आणि एकदाच ठेवायचा. तो बसायचाच. माझी अभ्यासाची खिडकी नेमकी त्याच्यावर उघडत असे, त्यामुळे हे मी शेकडो वेळा पाहिलं. हातात घेतलेला दगड त्याने जमिनीवर परत ठेवलेला मी कधीच पाहिला नाही. एकदा अविनाशने मदत म्हणून एक दगड उचलला, जड वाटला म्हणून खाली ठेवला, तर दोनातो ओरडला, "उचललास ना? मग त्याची जागा शोध! जागा शोधायची नव्हती तर हात कशाला लावलास?"

बाबा अगदी हेच म्हणतात. शब्द वेगळे. उचललेला धोंडा खाली ठेवला की हातावरचा विश्वास जातो, असं काहीतरी. मी अविनाशला ते सांगितलं नाही. कसं सांगणार होतो?

त्या काळात जर्सी सिटीत रस्त्यावर आपल्या भारतीय लोकांना त्रास होत होता. टोमणे, शिव्या, कधी अंडी. एका दुपारी मी कॉलेजातून येत असताना कोपऱ्यावरची चार पोरं मागे लागली. टिकलीची नक्कल म्हणून कपाळावर बोट टेकवून काहीबाही ओरडत होती. घराशी पोचलो तर दोनातो दारात, हातात हातोडी. त्याने पोरांना एकच वाक्य ऐकवलं, ते मला कळलं नाही, पण ती पोरं थांबली आणि वळली.

"थँक यू," मी म्हणालो.

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "काल माझ्या भिंतीवर बसली होती ही. दगड हलवला एक."

आणि आत गेला. मी पायरीवर उभा राहिलो. तो माणूस स्वतःला चुकूनही चांगला म्हणवून घ्यायचा नाही.

त्याच्या स्वयंपाकघरात एकच चित्र होतं, रोक्कावेत्राचा एक मोठा फोटो. रोक्कावेत्रा म्हणजे त्याचं गाव, इटलीच्या दक्षिणेला, डोंगराच्या अंगावर. घरं एकावर एक चढलेली, एकाचं छप्पर ते दुसऱ्याचं अंगण. टोकाला चर्च. गल्ल्या इतक्या अरुंद की ओझ्याचं गाढव आलं तर माणसाने भिंतीला चिकटायचं. डोंगरभर पायऱ्याच पायऱ्या आणि त्यांना हे असले गडगे. महिन्याच्या एक तारखेला मी भाडं द्यायला गेलो की तो फोटोकडे बोट दाखवून सुनावायचा, "बघ. पाचशे वर्षं उभं आहे. एक इंजिनियर नव्हता." फोटोत चर्चच्या खाली एक करडा, गुळगुळीत पट्टा दिसायचा, फाटलेल्या कपड्याला लावलेल्या ठिगळासारखा. एकदा मी विचारलं, "हे काय आहे?" तर म्हणाला, "भाडं दिलंस ना? जा."

दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात दोन गोष्टी एकदम झाल्या. दगड उचलून उचलून दोनातोला हर्निया झाला होता, तो वाढला आणि ऑपरेशन करावं लागलं. नंतरचे सहा आठवडे तेरेसाने त्याला जबरदस्तीने आपल्या घरी नेलं. आणि तो नसतानाच नगरपालिकेचा एक इन्स्पेक्टर आला. उताराच्या पायथ्याशी, रुळांच्या अलीकडे राहणाऱ्या शेजाऱ्याने तक्रार केली होती की वर नुसते दगड रचून ठेवलेत, उद्या आमच्या अंगावर येतील. इन्स्पेक्टरने तिसऱ्या भिंतीला हात लावून पाहिला, मान हलवली आणि नोटीस दिली. थंडीच्या आत भिंत नीट बांधून घ्या, नाहीतर आम्ही सगळ्या पायऱ्या उतरवू.

तेरेसा वर आमच्याकडे आली, नोटीस हातात घेऊन. "तू हेच शिकतोस ना? पप्पांना सांगितलं तर ते हॉस्पिटलच्या कपड्यांत पळत येतील. त्या इन्स्पेक्टरचं समाधान होईल असं काहीतरी कर. प्लीज."

मला कुणी इंजिनियर म्हणून काम सांगायची ती पहिलीच वेळ. दोन शनिवार-रविवार मी आणि अविनाश राबलो. आमच्याकडे गवंडी त्याला दरजा भरणं म्हणतात, म्हणजे दगडांमधल्या फटी सिमेंटने बुजवायच्या आणि थापीने वरून रेघ ओढायची. ते मी केलं. संबंध तिसरी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुस्तकात सांगितलंय म्हणून पाणी निघायला तळाशी चार पाइपही सोडले.

"सुऱ्या, तू हे कुठे शिकलास रे?" अविनाश म्हणाला. "एकदम प्रो वाटतोयस."

"बघून बघून," मी म्हणालो.

भिंत सुंदर दिसत होती. करड्या रेघा, सरळ, स्वच्छ. खरं सांगायचं तर मला वाटलं, मी त्या म्हाताऱ्याच्या गडग्याला माणसांत आणलं. इन्स्पेक्टरने सही केली. तेरेसाने मला मिठी मारली. आणि भिंत चांगली झाली हे दोनातोला माझ्या तोंडावर कबूल करावं लागेल, या विचाराने मी महिनाभर खूश होतो. मनात नुसती मदत नव्हती, हे मला लिहिलं पाहिजे. थोडा सूडही होता.

तो डिसेंबरच्या सुरुवातीला परत आला. तेरेसाने त्याला स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसवलं. मी मुद्दाम खाली गेलो होतो. त्याने खिडकीतून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"कोणी?"

"पप्पा, नोटीस आली होती. भिंत पाडायला निघाले होते. याने वाचवली," तेरेसा म्हणाली.

दोनातो उठला. ओरडला नाही. मी त्याच्या ओरडण्याची तयारी करून गेलो होतो. तो कोट न घालता मागच्या दाराने बाहेर गेला, कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरला आणि भिंतीवरून हात फिरवला. माझ्या करड्या रेघेवर त्याने नख ओढलं. मग तिथूनच म्हणाला, "इंजिनियर, पाणी कुठून जाणार?"

"पाइप आहेत," मी म्हणालो. "चार."

"आधी किती वाटा होत्या?"

मी भिंतीकडे पाहिलं. प्रत्येक फट ही वाट होती.

"तू पुस्तक वाचलंस," तो म्हणाला. "पाण्याने नाही वाचलं."

दुसऱ्या दिवसापासून ठोकण्याचा आवाज सुरू झाला. हातोडी आणि छिन्नी घेऊन तो फटींतलं सिमेंट काढायला लागला. ऑपरेशनची जखम अजून कच्ची, थंडी गोठवणारी, आणि हा भिंतीशी वाकलेला. तेरेसा रडली, भांडली, डॉक्टरला घेऊन आली. काही उपयोग झाला नाही. मी खाली गेलो आणि म्हणालो, "मी काढतो. मीच भरलंय."

त्याने माझ्या पायाशी छिन्नीने रेघ मारली. खरोखरची, मातीत. "या रेघेच्या अलीकडे आलास तर हातोडी तुझ्या बोटांवर."

मग त्याने माझ्याशी बोलणं बंद केलं. भाडं द्यायला गेलो की टेबलाकडे मान करायचा, ठेव. माझी पत्रं जिन्याखाली, ओल्या बुटांजवळ सापडायला लागली. आमच्या खोलीतला हीटर दिवसा बंद व्हायला लागला. रविवारी तेरेसा आली की तो आपोआप सुरू व्हायचा. आणि एका सकाळी दाराबाहेर माझीच उरलेली अर्धी सिमेंटची पिशवी, दार उघडू नये अशी लावून ठेवलेली. अविनाश कंटाळला. "यार, रूम चेंज करू. हा माणूस सायको आहे." मी नको म्हणालो. कारण सांगता आलं नाही. खाली ठक ठक चाललेली असायची आणि मी वर 'मातीतील पाण्याचा दाब' हे प्रकरण वाचत असायचो. त्याच प्रकरणात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते.

जानेवारीत बर्फ पडला आणि त्याचं काम थांबलं. तोवर तिसऱ्या भिंतीचा तीन भागांपैकी एका बाजूचा एक भाग मोकळा झाला होता. दोन भाग अजून माझे होते.

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि त्यावर तीन दिवस पाऊस. चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी टेबलाशी होतो. आवाज मोठा नव्हता, ट्रकमधून खडी ओततात तसा. खिडकीत गेलो. माझी भिंत एकसंध पुढे झुकली होती, दार उघडावं तशी. मग ती पडली. सिमेंटने दगड एकमेकांना धरून ठेवले होते, त्यामुळे एकेक दगड न सुटता सगळा तुकडाच्या तुकडा खाली गेला, चौथी आणि पाचवी भिंत घेऊन, अंजिराचं झाड घेऊन, थेट शेजाऱ्याच्या शेडपर्यंत. सुदैवाने कुणाला लागलं नाही. चार पाइपांपैकी दोन चिखलातून वर आलेले दिसत होते. नंतर पाहिलं तर चारही मातीने गच्च भरलेले निघाले.

दोनातोने मोकळा केलेला भाग जागेवर उभा होता. त्याच्या फटींतून पाणी झिरपत होतं, सावकाश, जणू काही झालंच नाही.

तो मागच्या दारात उभा होता, मफलर न बांधता. त्याने वर, माझ्या खिडकीकडे पाहिलं नाही. मला तेव्हा फार वाटलं की त्याने पाहावं.

दुपारी तेरेसा आली. स्वयंपाकघरात तिने मला फोटोतला तो करडा पट्टा दाखवला. युद्धानंतर शहरातून इंजिनियर आले होते, ती म्हणाली. चर्चखालचे जुने गडगे काढून त्यांनी सिमेंटची भली मोठी भिंत घातली. गावाने बँड लावून उद्घाटन केलं. तिसऱ्या हिवाळ्यात ती भिंत खालच्या गल्लीवर आली. दोनातोची आई त्या गल्लीत राहत होती. फोटो ती भिंत पडण्याआधीचा आहे.

"तुम्ही मला हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"मला वाटलं, सिमेंट म्हणजे सिमेंट," ती म्हणाली. "मी इथे वाढले. मला काय कळतं?"

पण मला कळत होतं. तेच मला झोपू देत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो. तो टेबलाशी बसून वाळलेल्या मिरच्यांची देठं काढत होता. मला वाटलं, खरं सांगितलं तर निदान एवढं तरी कळेल की मी परका नाही.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "माझे वडील काँट्रॅक्टर नाहीत. ते अशाच भिंती घालतात. सिमेंटशिवाय. आयुष्यभर हेच काम केलंय त्यांनी."

त्याचे हात थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी माझ्या तळव्याकडे पाहिलं होतं तसं, पण आता चेहऱ्याकडे.

"ते फटीत सिमेंट भरतात?"

"नाही."

"का नाही?"

"पाणी अडतं म्हणून."

"हे तुला कोणी सांगितलं? कॉलेजने?"

"बाबांनीच. मी आठ-नऊ वर्षांचा असेन."

बाहेर कुठेतरी दगडावरून पाणी ठिबकत होतं. दोनातोने हातातली मिरची खाली ठेवली.

"म्हणजे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

मी मान डोलावली.

"मी समजत होतो, इंजिनियर आहे, गाढव आहे. गाढवाला मी कधीतरी माफ केलं असतं." तो उठला आणि दार उघडून उभा राहिला. "बापाला सांगितलंस?"

"नाही."

"सांग. त्याला कळू दे."

ते मी अजून सांगितलेलं नाही. बाबांना दर महिन्याला पत्र लिहितो. तब्येत, परीक्षा, बर्फ. दोन वेळा सुरुवात केली आणि कागद बदलला. हे लिहून झालं की सांगेन असं मी स्वतःशी ठरवलंय.

पुढचं सगळं भराभर झालं. नगरपालिकेने उरलेल्या भिंतीही धोकादायक ठरवल्या. तेरेसाला शेजाऱ्याची शेड बांधून द्यावी लागली आणि तिने घर विकायला काढलं. घेणारा लगेच मिळाला. तो सगळा उतार काँक्रीटचा करून गाड्या लावायला जागा करणार होता. दोनातोला तेरेसाकडे जायचं होतं, एका अपार्टमेंटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. तिथे माती नव्हती. तेरेसाने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तिने दिला असता तर बरं झालं असतं.

घराचे कागद झाले तरी दोनातो रोज उतारावर जातच होता. पडलेले दगड चिखलातून काढायचा, त्यांना चिकटलेलं माझं सिमेंट छिन्नीने सोलायचा आणि तिसरी भिंत पुन्हा रचायचा. जूनमध्ये बुलडोझर येणार हे त्याला ठाऊक होतं. तेरेसाने एकदा विचारलं, "पप्पा, कशासाठी?" त्याने उत्तर दिलं नाही. दोन भाग पडले होते, त्यातला एक त्याने मेपर्यंत उभा केला.

मेच्या शेवटी आम्ही खोली सोडली. अविनाशच्या मित्राची गाडी समोर उभी होती, सामान भरून झालं होतं. "सुऱ्या, चल ना यार, डबल पार्क केलंय," अविनाशने हाक मारली. मी म्हणालो, "दोन मिनिटं," आणि घराला वळसा घालून मागे गेलो.

दोनातो तिसऱ्या पायरीवर उभा होता, माझ्याकडे अर्धी पाठ करून. हातात एक तपकिरी दगड, पावाच्या लादीएवढा, एका बाजूला तिरका तुटलेला. तो त्याला फिरवत होता. मी वरच्या पायरीवर थांबलो. मी आल्याचं त्याला कळलं होतं. त्याची मान जरा आत गेली. पण तो फिरवत राहिला. भिंतीशी वाकला, पुन्हा सरळ झाला. डोळे आता चांगले राहिले नव्हते बहुतेक, किंवा दगडच अवघड होता. त्याचे दंड थरथरायला लागले होते.

मला जागा दिसली. अगदी स्वच्छ दिसली. नुकत्याच लावलेल्या दुसऱ्या थरात, डावीकडे, दोन करड्या दगडांच्या मधे एक तिरकी खाच होती. बाबांच्या मागे चिपा, म्हणजे दगडाखाली सारायच्या कपच्या, पुरवत मी लहानपणी किती तास घालवले होते. ते डोळे गेले नव्हते म्हणायचे.

"तिथे," मी म्हणालो. "डावीकडे. करड्याच्या शेजारी."

तो थांबला. त्याने त्या जागेकडे पाहिलं. नीट पाहिलं, वाकून. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी बरोबर सांगितलं होतं, हे त्याच्या तोंडावर मला दिसलं. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मग तो गुडघ्यात वाकला आणि त्याने तो दगड जमिनीवर ठेवला.

रस्त्यावरून अविनाशने हॉर्न दिला. दोनातो रिकाम्या हातांनी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, दगड पायाशी, आणि मी जाण्याची वाट बघत राहिला.